हेतू: गोपनीय

अंतराळ संरक्षण अभ्यास संस्थेकडे स्वतःचा एकच उपग्रह होता, आणि वर गेल्यापासून त्याने तोंडातून शब्द काढला नव्हता. पण उपग्रह गप्प बसला म्हणून अभ्यासानेही गप्प बसावं असं थोडंच आहे? संस्थेने मोठ्या दालनाच्या फरशीवर पांढऱ्या रंगाने गोल गोल कक्षा आखून घेतल्या, मध्यभागी पृथ्वी म्हणून पाण्याचा पिंप ठेवला आणि चाकांच्या खुर्च्यांना उपग्रह मानून त्यांच्यावर चांगले शिकलेसवरलेले अधिकारी बसवले. शिट्टी झाली की सगळ्यांनी पायाने रेटत आपापल्या कक्षेतून पुढे सरकायचं. तहान लागली तर पृथ्वीवर उतरायला पंचांची परवानगी लागे.

लाल बाजूचं प्रमुखपद संस्थेतल्या प्राध्यापक बाईंकडे गेलं, म्हणून त्या लालबाई झाल्या. निळी बाजू ज्याच्याकडे गेली तो निळेराव. या दोघांचं एकमेकांशी लग्न झालेलं आहे हे नेमणुका करणाऱ्यांच्या लक्षात आलं तेव्हा सराव सुरू झाला होता, आणि सुरू झालेल्या सरावात माणसं बदलत नसत. दोन दिवसांचा तर प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी निळेरावांनी घोळ घातला. ठरलेली कक्षा सोडून ते खुर्ची रेटत थेट लालबाईंच्या शेजारी येऊन थांबले. इतके जवळ, की खुर्चीला खुर्ची लागली. लालबाईंनी नियमाप्रमाणे विचारलं, "हेतू?"

"गोपनीय," निळेराव म्हणाले.

आता नियम असा होता की जवळ आलेल्या उपग्रहाचा हेतू जोवर कळत नाही, तोवर सराव संपत नाही. पंच म्हणजे नौदलातून निवृत्त झालेले एक कप्तान. आयुष्यभर समुद्रावर काढून त्यांना अंतराळाचा पंच केलं होतं, आणि ते नियमाला घट्ट धरून होते. त्यांनी शिट्टी खिशात ठेवली. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

शत्रुपक्षांच्या प्रमुखांनी दालनाबाहेर एकमेकांशी बोलायचं नाही, हाही नियमच. त्यामुळे घराची वाटणी झाली. स्वयंपाकघर आणि आतली खोली लाल, बैठकीची खोली आणि गॅलरी निळी. घरातल्या सासूबाईंना, म्हणजे निळेरावांच्या आईला, पंचांनी तटस्थ राष्ट्र म्हणून मान्यता दिली, आणि म्हातारीने ती अंगात मुरवली.

"आई, निळ्या बाजूला सांगा, दूध नासलंय."

"सांगते. पण माझं काही मत नाही हं," असं म्हणत सासूबाई दोन्हीकडचा चहा घेत. कोणाची बाजू घ्यायची नाही म्हटल्यावर त्यांना दोन्हीकडून मानपान मिळू लागला होता.

एकच गोष्ट लालबाईंना सतावत होती. त्या झोपताना खिडकी उघडी ठेवत आणि सकाळी ती लावलेली असे. त्यांनी पंचांकडे रीतसर तक्रार केली: लाल हद्दीत घुसखोरी. पंचांनी ती मान्य केली. सासूबाईंना साक्षीला बोलावलं, तर त्या म्हणाल्या, "मी तटस्थ आहे."

इकडे संस्थेचं मात्र उखळ पांढरं झालं. निळेरावांच्या त्या सरकण्याला संचालकांनी 'निळी झेप' असं नाव दिलं. आपली सगळी फळी उघडी टाकून शत्रूच्या कुशीत शिरायचं म्हणजे काय खायचं काम आहे? लांबलांबचे पाहुणे येऊन त्या खुर्चीभोवती फेऱ्या मारून जात. आणि लालबाईंनी त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला: 'जवळीक: एक शस्त्र'. अंतराळात कोणीही कोणाच्या जवळ उगाच जात नाही, हे त्यांचं म्हणणं. दुरुस्तीला आलेला हातच गळाही धरू शकतो. हेतू दिसत नाही, दिसतं ते फक्त अंतर. हा ग्रंथ आता सगळीकडे शिकवला जात होता, आणि खरं सांगायचं तर लालबाईंना त्याचा थोडा गर्वही चढला होता.

मग संचालकांच्या डोक्यात किडा वळवळला. शत्रुराष्ट्रांचे दोन प्रमुख एका छपराखाली झोपतात, हे सुरक्षेच्या दृष्टीने बरं नव्हे. त्यांनी निळेरावांची बदली दूरच्या बेटावरच्या दुर्बीण केंद्रावर केली. तिथे वर्षातून एकदा बोट जाते, आणि तिथून परत आलेलं कोणी कोणाच्या पाहण्यात नव्हतं. बोट सोमवारी सुटणार होती. सराव त्याआधी संपला तरच बदली रद्द.

"निळ्या बाजूला सांगा," लालबाई सासूबाईंना म्हणाल्या, "एक शब्द बोलायला काय जीभ झडते? सांगून टाक म्हणावं हेतू."

सासूबाई बैठकीच्या खोलीत जाऊन आल्या. "तो म्हणतो, नाही सांगणार. पेटी भरतोय." मग त्या पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "माझं काही मत नाही."

तीन वर्षं या माणसाचा लालबाईंनी कसून अभ्यास केला होता. त्याच्या चालीचे बाण काढून नकाशे केले होते. पण घरातली ती पलीकडची खोली रिकामी होणार म्हटल्यावर त्यांना कळून चुकलं, की आपल्याला तो ग्रंथ नको, नवरा हवा आहे.

शुक्रवारी शेवटची बैठक होती. तटस्थ राष्ट्र निरीक्षक म्हणून भिंतीशी बसलं होतं. पंचांनी हात वर केला, खुर्च्या करकरल्या आणि निळेराव नेहमीप्रमाणे लालबाईंच्या शेजारी येऊन थांबले. पंचांनी मान हलवली.

"हेतू?" लालबाईंनी विचारलं.

"गोपनीय."

"अरे, सोमवारी बोट आहे!"

"माहीत आहे. पण तुझं पुस्तक..." एवढं बोलून निळेरावांनी ओठ घट्ट मिटले.

लालबाई काही बोलणार, तेवढ्यात त्यांना शिंक आली. पाठोपाठ दुसरी. आणि निळेरावांनी, कोणाकडे न बघता, खुर्ची टाचेने वीतभर मागे रेटली.

लालबाईंनी नाक पुसलं आणि वर पाहिलं. छतावर बरोब्बर निळेरावांच्या मागे एसीची जाळी होती. थंड वारा भसाभस त्यांच्या पाठीवर पडत होता. लालबाईंच्या अंगावर तो येतच नव्हता. म्हणजे तो यायचा, सरावाच्या पहिल्या दिवशी, जेव्हा त्यांना सर्दी झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तो आला नव्हता.

"वारा?" त्या कशाबशा म्हणाल्या.

निळेरावांनी खाली बघत मान डोलावली. "तुला बाधतो ना. किती शिंकत होतीस तेव्हा. पण तू एवढं सगळं लिहून बसलीस, लोक शिकायला लागले... मग कसं सांगणार?"

"आणि खिडकीसुद्धा तोच लावायचा गं!" भिंतीकडून सासूबाईंचा बांध फुटला. "रोज पहाटे. मला म्हणाला सांगू नकोस, आणि मी पडले तटस्थ! तीन वर्षं पोटात ठेवलंय मी!"

संचालकांनी कपाळाला हात लावला. पंचांनी नियमावली चाळली, चष्मा वर केला, पुन्हा चाळली.

"निळ्या बाजूचा हेतू अग्राह्य," ते म्हणाले. "अंतराळात वारा नसतो. सराव चालू."

"साहेब, माझी पाठ तीन वर्षं आखडलेली आहे," निळेराव म्हणाले.

"अंतराळात पाठही धरत नाही."

संचालकांचा जीव भांड्यात पडला. झेप वाचली, ग्रंथ वाचला. त्यांनी बेटाचा हुकूम खिशातून काढून पुन्हा एकदा प्रेमाने सरळ केला.

लालबाई उठून उभ्या राहिल्या. "पंच, लाल बाजू शरण जाऊ शकते का?"

"जाऊ शकते. पण मग लाल बाजूचा धोक्याचा अंदाज चुकीचा होता असं मानलं जाईल. तुमचा ग्रंथ मागे घ्यावा लागेल."

"घ्या."

"सगळ्यांसमोर सांगावं लागेल."

"चुकला माझा अंदाज!" लालबाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की पिंपातलं पाणी हललं असावं. "साफ चुकला! तो जवळ आला, आणि मी बाण काढत बसले. झालं?"

शरण जाणाऱ्याने आपली खुर्ची स्वतः ढकलत निळ्या कक्षेत न्यायची, असा नियम होता. लालबाईंनी ती नेली, आणि डोळे पुसायच्या नादात नेमकी जाळीखाली लावून बसल्या. पंचांनी खिशातली शिट्टी काढून लांबलचक वाजवली. अधिकारी धावतच पृथ्वीवर पाणी प्यायला उतरले. सासूबाई कोणाला तरी सांगत होत्या, की मला आता मत आहे आणि ते मी घरी गेल्यावर सविस्तर देणार आहे.

लालबाईंना शिंक आली. निळेराव आखडलेली पाठ सांभाळत उठले आणि आपली खुर्ची ओढून वाऱ्याच्या बाजूला बसले.

हेतू कोणी विचारला नाही.