गुणाजीबुवांचा सिद्ध खिळा

आमच्या काळाचौकीत रविवारी मटणाच्या दुकानापुढे नसेल एवढी रांग चाळीसमोरच्या पटांगणात लागायची. आणि रांगेत माणसं नव्हेत, मोटारसायकली. प्रत्येकीच्या हँडलला लिंबू-मिरची, प्रत्येकीमागे मालकाचं अख्खं खानदान. रांगेच्या तोंडाशी पारावर गुणाजीबुवा. कपाळभर शेंदूर, खांद्यावर भलंमोठं लाल फडकं आणि पायात स्पोर्ट शूज.

बुवा माणसांची भुतं काढत नसत. त्यांचं खातं इंजिनांचं. गाडी जुनी झाली की इंजिनातून खडखड येऊ लागते. मेकॅनिक त्याला झीज म्हणतो. बुवा म्हणायचे, "रस्त्यावर गेलेला जीव आसा तो. त्याका घराक जावचा आसता. मग मिळात त्या इंजिनात शिरता आणि साकळी वाजवता. तुमका खडखड आयकाक येता, माका त्याचा रडणा आयकाक येता."

हे ऐकून बायका पदराने डोळे पुसायच्या. पुरुष इंजिनाला हात जोडायचे.

उपचार दोन रविवारांचा. पहिल्या रविवारी बुवा इंजिनाच्या बाजूचा एक छोटा भाग काढून 'बाधलेला' म्हणून समुद्रात सोडायला घेऊन जायचे आणि त्या जागी लाल दोरा बांधलेला 'सिद्ध खिळा' बसवायचे. आठवडाभर खडखड आणखी वाढायची. "चवताळलो तो," बुवा सांगायचे. दुसऱ्या रविवारी गाऱ्हाणं: बुवा देवाला साकडं घालणार, गर्दी 'व्हय म्हाराजा' म्हणणार. ते झालं की इंजिन गप्प.

मी बसमध्ये एकतीस वर्षं कंडक्टर होतो. खोटा पास मी चार सीट लांबून ओळखायचो. मला कोण उल्लू बनवणार, अशी माझी ऐट. तर ऐका.

गणपतीला गावी देवरुखला जायची तिकिटं मिळाली नाहीत, म्हणून माझा मुलगा निलेश बायकोला घेऊन मोटारसायकलवर निघणार होता. गाडी दहा वर्षांची, खडखड करणारी. निलेश ऑफिसात काम करतो, त्याला गाडीतलं पेट्रोल टाकण्यापलीकडे काही कळत नाही. तो गेला बुवांकडे, सिद्ध खिळा बसवून आला. माझी सून मेघना माझगावच्या गोदीत फिटर आहे. दिवसभर पंप नि पाने यांच्याशीच तिचा संसार. ती रात्री जेवताना म्हणाली, "निलेश, औषध दिल्यावर दुखणं वाढलं कसं रे?"

"तू गप्प बस ग," निलेश म्हणाला. "तुला सगळीकडे नटबोल्टच दिसतात."

मीही शहाणपणा केला. "सूनबाई, काही गोष्टी श्रद्धेच्या असतात."

ती भात कालवत राहिली. शनिवारी संध्याकाळी पाहतो तर बाई गाडीशेजारी उकिडवी बसलेली, हातात नेलपॉलिशची बाटली.

"गाडीचा मेकअप चाललाय की काय?" मी विचारलं.

"थोडासाच, बाबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आमचा नंबर आला. गाडी थंडच आणायची असा बुवांचा दंडक होता. देवाला तापलेलं चालत नाही म्हणे. गाडी सुरू झाली, खडखड घुमली. बुवांनी लाल फडकं इंजिनावर पसरलं, दोन्ही हात आशीर्वादासाठी आत घातले आणि खणखणीत आवाज लावला.

"बारा वाटेच्या, बारा चाळ्याच्या म्हाराजा, ह्या लेकरान आपली गाडी तुझ्या पायाकडे आणून हुबी केल्यान हा!"

"व्हय म्हाराजा!"

"हिच्या पोटात जा काय वायट-वंगाळ शिरला आसात, ता भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं ऐकल्यावर काय होतं ते सांगायला नको. मान आपोआप खाली जाते, डोळे मिटतात आणि बेंबीच्या देठापासून व्हय म्हाराजा निघतं. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. पाचव्या व्हय म्हाराजाला खडखड बंद. मी डोळे उघडले, अंगावर काटा आला होता. निलेशने बुवांचे पाय धरले, पाय म्हणजे ते स्पोर्ट शूज.

"बुवा, फडकं जरा बाजूला करता?" मेघना म्हणाली.

"मेघना, सगळ्यांसमोर तमाशा नको. गप्प बस," निलेश ओरडला.

तिने फडकं उचललंच. "बाबा, इकडे या. काल मी ह्या खिळ्याच्या बोल्टवर आणि त्याला जागेवर धरणाऱ्या चेकनटवर मिळून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढली होती. आता बघा."

मी वाकून पाहिलं. रेघेचा चेकनटवरचा तुकडा एकीकडे, बोल्टवरचा भलतीकडे. गर्दी कुजबुजायला लागली. पण बुवा मुरलेले. "आत्म्यानच फिरवल्यान तो. भायर पडताना धक्को लागतलोच."

"मग त्याला उलटा धक्का द्यायला सांगा," मेघना म्हणाली. "फडकं नाही, तुमचे हात वर. आणि मंडळी, तुम्ही तोंड बंद ठेवा आणि डोळे उघडे."

बुवांनी गाऱ्हाणं सुरू केलं. व्हय म्हाराजा म्हणायला कुणीच नाही. चार वाक्यांत त्यांचा घसा बसला. बोल्ट तसूभर हलला नाही. तोवर कुणीतरी त्यांची बाही वर सरकवली, तर मनगटाला रबरबँडने बांधलेला इटुकला पाना.

मेघनाने तो घेतला, बोल्ट थोडा सैल केला. खडखड. घट्ट केला. शांतता. पुन्हा सैल, पुन्हा खडखड. "बघा, मलाही सिद्धी मिळाली," ती म्हणाली, आणि गर्दी पहिल्यांदा हसली.

मग तिने समजावलं. इंजिनाच्या पोटात टायमिंग चेन असते. ती ताणून धरणारा भाग म्हणजे टेन्शनर. मूळचा टेन्शनर, म्हणजे बुवांचा तो 'बाधलेला' भाग, स्प्रिंगवर आपोआप ताण देतो. बुवांचा खिळा म्हणजे बाजारात मिळणारा हाताने फिरवायचा टेन्शनर, वर दोरा. पहिल्या रविवारी तो मुद्दाम सैल बसवायचा, म्हणजे खडखड वाढते. दुसऱ्या रविवारी फडक्याखाली पिळायचा. थंड गाडी कशाला, तर हात भाजू नये म्हणून. आरोळी कशाला, तर पान्याचा आवाज कळू नये म्हणून.

"पण आवाज गेला ना?" निलेश अजून धुसफुसत होता. "मग वाईट काय झालं?"

मेघनाने पर्समधून रबराची एक पट्टी काढली. मधोमध आरपार चर पडलेला. "ही शेजारच्या राजरत्नच्या गाडीतली, त्याच्याकडून मागून आणली. चेन ह्या पट्टीवरून धावते. बोल्ट असा गच्च पिळून ठेवला की चेन पट्टी खाते, मग एक दिवस स्वतः तुटते."

राजरत्न गर्दीतच होता. त्याची गाडी मे महिन्यात 'बरी' झाली आणि जुलैत पनवेलजवळ इंजिन जाम होऊन बंद पडली. "बुवा म्हणाले, मी रविवारी सुकट खाल्ली म्हणून," तो म्हणाला. "मी दोन महिने सुकट सोडली हो."

पण मला हसू येईना. मला परशुराम घाट दिसत होता, त्या चढावर मागून येणारा ट्रक, आणि मध्येच जाम झालेल्या गाडीवर ही दोघं. मी पारावर बसलो. माझीच पोरं, आणि व्हय म्हाराजा म्हणणारा मीच.

बुवा केव्हा सटकले कळलंही नाही. फडकं मागे राहिलं, ते मेघनाने हात पुसायला घेतलं.

सगळे तिलाच विचारू लागले, आता बसवायचं काय? ती म्हणाली, "ज्याला गाडीकडे बघायला वेळ नाही, त्याने कंपनीचा आपोआप ताणणाराच घ्यावा. हातानेच फिरवायचा असेल तर आपल्या मॉडेलचाच बघा, लांबी मूळच्याइतकी, चेकनट चांगला. खडखड जाईल इतपतच आवळा, वर चिमूटभर मोकळीक सोडा, आणि दर दोन-तीन हजार किलोमीटरला पुन्हा बघा. इंजिनाचा बारीक आवाज राहिला तर राहू दे. चालतं इंजिन वाजणारच."

त्याच आठवड्यात तिने इंजिन उघडवून पट्टी बदलून घेतली, कंपनीचा टेन्शनर बसवला आणि शनिवारी सकाळी दोघं निघाली. दिवसभर मी फोन हातात धरून होतो. चार वाजता निलेशचा आला. "पोचलो, बाबा. घाटात पुढे ट्रक, मागे ट्रक. सगळा वेळ मी एकच विचार करत होतो. मी हिला सगळ्यांसमोर गप्प बस म्हटलं."

"घरात मी काय वेगळं म्हटलं?" मी म्हणालो.

मंडळी, देवापुढे डोळे खुशाल मिटा, मीही मिटतो. पण कुणी तुमच्या वस्तूवर फडकं टाकून आत हात घालत असेल, तर डोळे उघडे ठेवा आणि आत काय चाललंय ते विचारा. स्वतःला विचारायचा धीर नसेल तर नसो. पण तुमच्या घरात एखादं माणूस विचारत असेल, तर त्याला गप्प बसवू नका.