किती गुणाची पोर!

पार्लरमध्ये तिला सगळ्या मैना म्हणत. मालकीणबाईंनीच ते नाव ठेवलं होतं. हातात कात्री आली की मैनेच्या तोंडाला कुलूप नसे. केस ओले करण्यापासून मानेवरचे बारीक केस झाडेपर्यंत गिऱ्हाईक बाईच्या सुनेची, सासूची, गुडघेदुखीची चौकशी करून ती मोकळी व्हायची. “केस काय कुठेही कापून मिळतात, आम्ही तुझ्या गप्पांसाठी येतो,” असं कितीतरी जणी म्हणत.

आणि तिची पोर तीन वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती.

भूक लागली तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची, बस्स. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. सकाळी गेला की दिवेलागणीला परतायचा. तो हसून म्हणे, “आमचे मौनीबाबा! अगं, माझ्यावर गेलीय. मीसुद्धा उशिराच बोललो, आणि आता तूच मला गप्प बस म्हणतेस.” पोरीचं नाव मौनीच पडलं. आई मैना, लेक मौनी. पार्लरमधल्या बायकांना ही गंमत फार आवडली. “दोघींच्या वाटणीचं तूच बोलून टाकतेस ना!” त्या म्हणत. मैनाही त्यांच्यात हसे. पण ते हसू गळ्याखाली उतरत नसे, कारण घरी ती कशी असते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस तिला उगाचच रडू यायचं. सगळे म्हणाले, होतं असं. मग रडूही आटलं. मूल मांडीवर असायचं आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत बसायची. बाळ हसलं की आपणही हसायचं असतं हे तिला कळायचं, पण चेहरा हलायचाच नाही. कामावर परत गेली तेव्हा तिला वाटलं, सुटले एकदाची. तिथे हात, जीभ, हसू, सगळं पूर्वीसारखं चालायला लागलं. घरी येऊन चप्पल काढली की मात्र अंगातलं बळ गळून जायचं. पाळणाघरातून मुलीला आणायची, तिच्यापुढे खाणं ठेवायची, चार खेळणी टाकायची आणि भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची. नवरा यायच्या आधी उठून तोंड धुवायची, केस विंचरायची. त्याला काही कळायचं नाही.

एका गोष्टीचा तिला अभिमान होता. तिची आई मारकुटी होती. उलथनं, पट्टा, हाताला लागेल ते. दूध सांडलं म्हणून मार, उत्तर दिलं म्हणून मार, उत्तर दिलं नाही म्हणूनही मार. आपल्या मुलावर आपण हात उचलायचा नाही, हे मैनेने फ्रॉकच्या वयातच ठरवलं होतं आणि ते पाळलंही होतं. “दुसरं काही जमलं नसेल मला, पण पोरीला मी कधी हात लावला नाही,” असं ती मनाशी म्हणायची. हे शब्दशः खरं होतं. तिने मुलीला मारलं नव्हतं आणि जवळही घेतलं नव्हतं.

पाळणाघरच्या ताईंनी एक दिवस तिला दारातच थांबवलं.

“ही रडत नाही हो,” त्या म्हणाल्या. “सकाळी बोट दारात चेमटलं. नख काळंनिळं झालंय, पण मला कळलं जेवण भरवताना. बाकीची मुलं पडली की आईच्या नावाने टाहो फोडतात. ही कुणालाच शोधत नाही. डॉक्टरांना दाखवा एकदा.”

 मैना म्हणाली, “गुणाची पोर आहे हो. कुणाला त्रास म्हणून देत नाही.”

“इतकी गुणाची नको,” ताई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी तिने आईला फोन लावला. का लावला ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “लाडावून ठेवलीस. दोन ठेवून दे, बोलेल पोपटासारखी. मी तुला सोडलं नाही म्हणून तर चार माणसांत बोलायला शिकलीस.” मैनेने फोन ठेवून दिला.

दोन दिवसांनी पार्लरला सुट्टी होती. दुपारी ती नेहमीसारखी आडवी झाली. डोळे उघडले तेव्हा ऊन कलायला आलं होतं आणि पलंगाला लागून मौनी उभी होती. चड्डी ओली, पायांखाली थारोळं, तेही सुकत आलेलं. म्हणजे पोर कितीतरी वेळ तशीच उभी होती. तिने हाक मारली नव्हती, साधं पांघरूणसुद्धा ओढलं नव्हतं.

“तोंड नाही तुला? सांगता येत नाही?” मैना ओरडली आणि तिचा हात वर गेला.

मौनी मागे सरकली नाही. तिने नुसते डोळे गच्च मिटले आणि मान खांद्यांत ओढून घेतली. मैनेला ते उभं राहणं ओळखीचं होतं. ती स्वतः अशीच उभी राहायची, याच वयात. ओळख पटली आणि तरीही हात खाली आला. गालावर बोटं उमटली. पोर रडली नाही. डोळे उघडून आईच्या तोंडाकडे बघत राहिली, आता पुढे काय, अशी.

मैना न्हाणीघरात गेली. नळ सोडला आणि पदर तोंडात कोंबून बसून राहिली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. नवरा आल्यावर तिने सांगितलं, मौनी पडली. त्याने गालावर फुंकर घातली आणि विश्वास ठेवला. ते तिला त्या थपडेहून जड गेलं.

दुसऱ्याच दिवशी ती मुलीला घेऊन मुलांच्या वाढीच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरबाई पिकल्या केसांच्या, जमिनीवर मांडी घालून बसलेल्या. आधी मौनीचे कान तपासले गेले. ऐकू उत्तम येत होतं.

“घरी बोलते का?”

“घरी खूप बोलते,” मैना धडधडीत खोटं बोलली. “बाहेरच लाजते.”

 बाईंनी मौनीपुढे बाहुल्यांचं घर मांडलं. मौनी बराच वेळ नुसती बघत होती. मग तिने मोठी बाहुली उचलली, खेळण्यातल्या पलंगावर झोपवली आणि नीट वळवून तिचं तोंड भिंतीकडे केलं. छोटी बाहुली पलंगाशी उभी केली. तिच्या ओठांवर स्वतःचं बोट ठेवलं आणि म्हणाली, “श्श्ऽ.”

 मैनेचे कान तापले. भर बाजारात अंगावरचं वस्त्र कुणी ओढावं, तसं तिला झालं.

“आणि तुम्ही कशा आहात?” बाईंनी विचारलं.

“मी? मजेत.”

बाई थांबून राहिल्या. दिवसभर दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारणाऱ्या मैनेला तो कुणी विचारलाच नव्हता. मग एकदम बांध फुटला. भिंत, पलंग, ओली चड्डी, थप्पड, नवऱ्याला सांगितलेलं खोटं, आईचं उलथनं. काय आधी, काय नंतर, काही ताळतंत्र नव्हतं. शेवटी तिने विचारलं, “माझ्यामुळेच झालं ना हे?”

“तुमच्या आजारामुळे, बऱ्याच अंशी,” बाई म्हणाल्या. “खोटं बोलले तर तुम्हाला बरं वाटेल, पण त्याने तिचं काही बरं होणार नाही. मूल आईच्या चेहऱ्यावरून बोलायला शिकतं. तुमचा चेहरा उत्तर देत नव्हता, म्हणून तिने विचारणं सोडलं. पण मनाच्या या आजाराला औषध आहे, आणि ती अजून लहान आहे. लाज वाटायची ती वाटू दे. औषध चुकवू नका.”

घरी येऊन तिने नवऱ्याला थपडेचंही सांगितलं. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो स्टुलावर बसला, हातातला पान्हा खाली ठेवायचा विसरला. “मी रोज घरी येत होतो की,” एवढंच म्हणाला, आणि त्यानेही मान खाली घातली. दुसऱ्या आठवड्यापासून त्याने कामाची पाळी बदलून घेतली. दुपारी तोच घरी असायचा.

औषधाने जादू झाली नाही. महिना गेला तेव्हा कुठे सकाळी उठणं थोडं हलकं झालं. मुलीशी बोलायला बसलं की मैनेला नाटकात काम केल्यासारखं वाटायचं, शब्द सुचायचे नाहीत. शेवटी एके दिवशी तिने मौनीला आरशासमोर स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि कंगवा घेऊन म्हणाली, “काय बाई, बऱ्याच दिवसांनी आलात! सासू काय म्हणतेय? गुडघे कसे आहेत?” मौनीने आरशातून तिच्याकडे बघितलं. मग खाली वाकून स्वतःचे गुडघे बघितले.

ते त्यांचं रोजचंच झालं. “गुगे” हा मौनीचा पहिला शब्द. नवऱ्याने तो कामावर सगळ्यांना सांगितला. पुढे ‘दे’ आला, ‘नको’ आला. बरोबरीची मुलं गोष्टी सांगत होती तेव्हा ही दोन शब्द जोडत होती. चार वर्षांची झाली तरी मैनेचा हात कंगव्यासाठी जरा झटकन वर गेला की पोर डोळे मिटून घ्यायची. एक थप्पड, पण तिच्या मागे बिनबोलाच्या किती दुपारी उभ्या होत्या. प्रत्येक वेळी मैनेचा हात तसाच हवेत राहायचा. मग ती सावकाश म्हणायची, “विंचरतेय गं,” आणि पोर एक डोळा उघडायची.

एकदा सकाळचं पाळणाघर बंद आणि नवरा कामावर म्हणून तिने मौनीला पार्लरमध्ये आणलं. मौनीला पाणी फवारायची बाटली हवी होती. मालकीणबाईंनी ती काढून घेतली. मौनीने आधी बाटलीकडे बघितलं, मग आईकडे. आणि तिने जे भोकाड पसरलं, ते रस्त्यापलीकडे ऐकू गेलं असेल. फरशीवर पडली, पाय आपटले, मालकीणबाईंच्या हाताला चावली. खुर्चीतल्या गिऱ्हाईक बाई अर्ध्या कापलेल्या केसांनिशी वळल्या. “अगं बाई! काय हे वळण! आईने काही शिकवलंय की नाही?”

मैनेचे गाल पेटले. “माफ करा हं,” ती पुटपुटली. कात्री मालकीणबाईंच्या हातात दिली आणि केसांच्या पसाऱ्यातच खाली बसली. मौनी लाथा झाडत होती, नाकातोंडातून पाणी वाहत होतं. “आई! आईऽऽ!” असं ओरडत ती मैनेच्या अंगावर धडकली आणि तिने ब्लाउजची बाही मुठीत धरली.

बाही टरकन उसवली. मैनेने पोरीला उचललं, सगळ्यांच्या नजरा झेलत बाहेर रस्त्यावर आणलं आणि फाटक्या बाहीने तिचं नाक पुसलं.

“बातली,” मौनी हुंदके देत म्हणाली.

“ती त्यांची आहे, राणी. नाही मिळायची.”

मौनीने पुन्हा तोंड वासलं. मैना तिला कडेवर घेऊन तिथेच उभी राहिली. येणारेजाणारे वळून बघत होते. तिने पोरीला गप्प बस म्हटलं नाही.