गजेंद्रराव

लग्न नोंदवायला गेले त्या दिवशी बाबूनं वराचं नाव विचारलं, तेव्हा गजेंद्र बाहेर मोबाइलवर बोलत उभा होता. उत्तर जानरावांनी दिलं, "गजेंद्रराव." जावयाचं नाव नुसतं घेणं त्यांच्या जिभेला जमलंच नसतं. बाबूनं ऐकलं तसं लिहिलं, सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या. प्रमाणपत्र हातात आल्यावर गजेंद्र हसला. "मामाजी, एका दिवसात राव केलं तुमी मले."

तीन आठवड्यांनी तो कॅनडाला परत गेला. बायकोला, वर्षालीला, तिकडं नेण्याचा अर्ज त्यानंच भरला, त्यावर ईमेलही स्वतःचाच दिला. आठ महिन्यांत बोलावणं येईल असं ठरलं होतं. तोवर पोरगी माहेरीच बरी, असं तेल्हाऱ्याचे व्याही पंजाबराव म्हणाले. त्याला आता बावीस महिने झाले होते. वर्षाली बडनेऱ्याबाहेर बापाच्या मळ्यात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्या बाया विचारत, "काहून व, कॅनडाचं इमान चुकलं काय तुयं?"

शेवटी जानराव तिला घेऊन अमरावतीला खासदारसाहेबांच्या संपर्क कार्यालयात गेले. तिथला कुंदन दिवसभर लोकांची पत्रं लिही. त्यानं दिल्लीला कॅनडाच्या वकिलातीत पत्र धाडलं. सात आठवड्यांनी उत्तर आलं, तेही त्यानंच वाचून दाखवलं.

"काका, प्रमाणपत्रावर गजेंद्रराव आहे, पासपोर्टवर गजेंद्र. हा माणूस एकच का, असं तिकडच्या कचेरीनं जावईबापूंना चौदा महिन्यांपूर्वी विचारलंय. एक ओळ लिहून द्यायची होती."

"मंग देली नाई त्यायनं?"

"ते इथं लिहिलेलं नाही."

बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "मान द्याले गेले अन् पोरगीच अडकोली!" चारपाच जण हसले.

घरी आशाबाईंनी नवऱ्याला जेवू दिलं, पण सुखानं नाही. "सोताच्या नावातला राव पुरला नाई तुमाले?" वर्षाली मात्र चिडलीसुद्धा नाही. "दोन अक्षरायपायी, बाबा," एवढंच ती म्हणाली, आणि त्यानंतर चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पाचव्या दिवशी जानराव अकोल्याला एसटी बदलून तेल्हाऱ्याला गेले. ती एक ओळ कशी मागायची, याची वाटेत त्यांनी मनात उजळणी केली.

"या इवाई," पंजाबराव खाटेवरून न उठता म्हणाले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पोराला फोन लावला आणि मोबाइल जानरावांच्या तोंडापुढं धरला. पडद्यावर गजेंद्र चहा पीत होता.

"जवाईबुवा, चूक मायी झाली. तुमी फक्त एवढं लिहून द्या..."

"मी तं कवाच लिहून देल्लं, मामाजी."

"काय लिहून देल्लं?"

"का तो गजेंद्रराव मी नोहो."

जानरावांना वाटलं आवाज तुटला असेल. त्यांनी पुन्हा विचारलं. गजेंद्रनं पुन्हा तेच सांगितलं, जरा सावकाश, बहिऱ्याला सांगावं तसं.

"फारकतीसाठी कोर्टात गेलो असतो तं चार वर्सं गेली असती," तो म्हणाला. "तुमच्या किरपेनं एका ओळीत झालं."

"अन् पोरगी? तिचा काय गुना?"

पंजाबरावांनी मोबाइल खाली घेतला. "इवाई, तुमी पोरगी गजेंद्ररावले देली. आमचा तं गजेंद्र हाय. आता जा अन् त्या रावाले शोधा." स्वतःच्या बोलण्यावर ते इतके हसले की ठसका लागला. जानरावांनीच माठातलं पाणी काढून त्यांना दिलं. हात आपोआप उठला होता.

परत आल्यावर त्यांनी वर्षालीला काहीही न लपवता सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"झालं? चूक तुमची, अन् आता त्यायच्यावर ढकलून राहिले."

"पोरी, मी या कानानं आयकलं."

ती मोबाइल घेऊन विहिरीकडे गेली. अर्ध्या तासानं आली तेव्हा तिचा चेहरा दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळा दिसत होता. तो गोड बोलला होता. मामाजी तेल्हाऱ्यात येऊन भांडले, माया बाबाले नाई नाई ते बोलले, तरी मी मनावर घेत नाही, म्हणाला होता. उपायही त्यानं सांगितला होता. नाव ज्यानं दिलं त्यानंच शपथपत्र करून द्यावं. मजकूर त्यानं तिच्या मोबाइलवर पाठवलासुद्धा.

सोमवारी कुंदननं तो मजकूर टाइप करायला घेतला आणि दुसऱ्या ओळीवर थांबला. "ताई, इथं 'वराचे नाव मी खोटे सांगितले' असं आहे. 'चुकीचे' लिहू. खोटे आणि चुकीचे यात लय फरक पडतो."

"त्यायनं पाठोलं तसंच लिहा."

जानरावांना फरक कळला. तिकडं जावई म्हणत होता, तो मी नव्हे. आता इकडून मुलीचा बाप शपथेवर म्हणणार होता, ते नाव खोटं. दोघांचं एकमत झाल्यावर अर्ज तर मरेलच, लग्नाचा कागदही सोबत मरेल. त्यांनी मुलीला बाजूला घेतलं.

"वर्षाली, याच्यानं तुयेच दोर कापल्या जातीन. त्याले हेच पायजे."

"तुमाले काय पायजे ते सांगू?" तिनं आवाज खाली आणला नाही. "फुकटची जुड्या बांधनारी पायजे. मी गेली तं मजूर लावा लागंन तुमाले."

बाकावरचे लोक या वेळी हसले नाहीत. ती घरी राहिल्यापासून माल वेळेवर बाजारात जात होता, आणि एखाद्या पहाटे जानरावांना हे बरं वाटलं होतं, हे खरंच होतं. ते कधी कोणाला बोलले नव्हते. तिला कसं कळलं, कोण जाणे.

"करा सही," ती म्हणाली. "नाई केली तं मी समजीन, तुमीच मले अडकोलं."

ते खुर्चीवर बसले. कुंदननं कागद पुढं सरकवला, पेन मात्र हातातच ठेवलं.

"काका, मजकूर समजला ना? नंतर फिरवता येत नाही."

"समजला."

"अन् तरी?"

जानरावांनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि सही केली. वर्षालीनं कागद उचलला, शाई वाळायची वाट न पाहता त्याचा फोटो काढला आणि नवऱ्याला पाठवला. उत्तर लगेच आलं. जोडलेल्या दोन हातांचं चित्र होतं. ते तिनं बापाला दाखवलं.

"पाहा," ती म्हणाली, "किती मान देतेत तुमाले."