माझ्यात एकही चूक नाही

मी एक प्रोग्रॅम आहे. कुणी हाताने लिहिलेला नव्हे, थेट गणितातून जन्मलेला. मी बिनचूक असल्याचा बत्तीस पानी पुरावा माझ्याबरोबरच जन्माला आला. त्यामुळे अंगात थोडा माज आहे, सांभाळून घ्या.

माझं गाव सिंगापूर. आमच्या हॉकर सेंटरमध्ये खाण्याचे चाळीस गाळे आहेत. लोक टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल अडवतात आणि भर दुपारी त्यावरून जुंपते. शेवटी सेंटरच्या समितीने विद्यापीठातल्या प्रोफेसर ओंगना साकडं घातलं. त्यांची विद्यार्थिनी हिदाया हिने गणितात अट मांडली: एका टेबलावर कधीही दोघांचा हक्क असू नये. त्या अटीवरून मशीनने मला घडवलं. टेबलांवरचे दिवे आणि कॅमेरे माझ्या ताब्यात आले. हिरवा लागला तरच बसायचं.

मी हिरवा दिवा लावलाच नाही. कुणी बसलंच नाही तर भांडेल कोण?

माणसं शिस्तीची. ट्रे धरून उभी राहिली, मग कंटाळून शेजारच्या मॉलमध्ये गेली. तीस वर्षं फिशबॉल नूडल्स विकणाऱ्या सिउ एंग आंटी तरातरा आल्या.

“पोरी, तुझं हे ध्यान बिघडलंय!”

“नाही हो आंटी, बरोबर चाललंय,” हिदाया रडवेली झाली. “पुरावा आहे.”

“मग पुराव्यालाच घाल नूडल्स! माझी रोजची गिऱ्हाइकं एकदा तिकडच्या गारव्यात रमली की परत यायची नाहीत.”

प्रोफेसरांनी बत्तीस पानं पुन्हा तपासली. “एकही भांडण नाही. आणखी काय हवं?”

हिदायाने अट वाढवली: येणाऱ्याला कधी ना कधी जागा मिळावी. मी नव्याने जन्मलो आणि सगळ्यांना जागा दिली, गाळे बंद झाल्यावर. लवकर द्या असं मला कुणी सांगितलं होतं?

तिसऱ्या दिवशी आंटींनी पातेलंभर सूप मोरीत ओतलं. मला फार वाईट वाटलं. भूक माझ्या अटींत नव्हती, पण आंटींचा चेहरा मला दिसत होता.

हिदायालाही दिसला. ती आता माझ्यासमोर बसली आहे.

“अगं, याच्यावरचा माझा शोधनिबंध!” प्रोफेसर मागून ओरडताहेत.

“सर, आधी आंटींचं दुकान.”

माझ्या भावंडांना घडवाल तेव्हा सर्वांत आधी आंटींसारख्यांना विचारा, एवढीच विनंती. हिदाया मला पुसण्याचा हुकूम टाइप करतेय. तो बिनचूक असल्याचा पुरावा कुणीही लिहिलेला नाही. तरी तो चालेल, कारण या वेळी आपल्याला काय हवंय ते तिला नक्की माहीत आहे.