घरातली हाक

मंजुषाने मुलाच्या पाठीमागे उकिडवं बसून हाक मारली, "यादव!"

मुलाने मान वळवली नाही. तो मेथीची एकेक काडी गोणपाटावर शेजारी शेजारी लावत होता आणि एकही काडी तिरपी पडू देत नव्हता. मंजुषाच्या मुठीत बेदाणे होते. मुलाने वळून पाहिलं की बेदाणा द्यायचा, पुन्हा हाक मारायची, असं ते काम. त्यासाठी ती मोठ्या शहरात जाऊन रीतसर शिकून आली होती. विद्या चांगलीच होती, फक्त या मुलापुढे बेदाणे आजवर तिलाच खावे लागले होते.

"यादव! इकडे बघ."

एक काडी. तिच्या शेजारी दुसरी.

ओसरीवर त्याची आई शुभांगी मेथीच्या जुड्या बांधत होती. हात चालू होते, पण जीव सगळा त्या हाकेत अडकला होता. बालवाडीच्या बाईंनी सांगून टाकलं होतं, चार वर्षांचं पोर हाकेला ओ देत नाही, जूनपासून आम्ही ठेवणार नाही. अशा मुलांची राहण्याजेवणाची शाळा असते, तिथे घाला. शेवटचा शब्द दवाखान्यात अशा मुलांना शिकवणाऱ्या मंजुषाताईंचा. त्या म्हणतील ते खरं, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, आणि खुद्द मंजुषाताईंनीही.

म्हणूनच आज द्वारका चौकातल्या गर्दीतून स्कूटी काढत ती पहिल्यांदा मळ्यात आली होती. दवाखान्यात तिने शुभांगीला कितीदा सांगून पाहिलं होतं, "तुम्ही मारा बरं हाक, नाव घेऊन." शुभांगी दर वेळी पदराशी चाळा करत जमिनीकडे बघायची. एकदा तर पाणी प्यायचं निमित्त करून उठूनच गेली. आईच मनावर घेत नाही, तर मी एकटी काय करणार, असं मंजुषाने मनाशी पक्कं केलं होतं.

"घरातसुद्धा तेच," ती आता म्हणाली. "त्या शाळेचा विचार करावा लागेल."

शुभांगीच्या हातातली जुडी सुटली.

"ताई, पोराला समजतं हो सगळं. बोलत नाय एवढंच. तिथं कुणाच्या कुशीत झोपंल?"

"समजतं हे दिसायला हवं ना."

शुभांगी चहा टाकायला आत गेली. मंजुषा बेदाणे पुडीत बांधत होती, तेवढ्यात शुभांगीची सासू नवसाबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून आली. तिने भारा टाकला, पदराने तोंड पुसलं आणि सहज म्हणाली,

"नाना, चला चहाला."

मुलाने काडी खाली ठेवली. उठला, चड्डी सावरली आणि नवसाबाईपुढे जाऊन उभा राहिला. तिने डोकं वाकवलं. त्याने त्यावर हात ठेवला, मग तिचं बोट धरून घराकडे ओढायला लागला.

मंजुषा उभीच राहिली.

"आजी, काय म्हणालात तुम्ही त्याला?"

"नाना."

"पण त्याचं नाव यादव ना?"

नवसाबाईने हसत पदर तोंडाला लावला. "आमच्या मालकांचं नाव हाय ते. ते गेले, अन् वर्षाच्या आत हा झाला. माझ्या लेकानं, समाधाननं, बापाचंच नाव ठेवलं. आता मी कसं घेऊ ते? सुनेला तर सासरा लागतो. अन् समाधान बापाला नावानं हाक मारील का? त्यांना सगळे नाना म्हणायचे, तर हाबी नानाच."

"मग यादव कोण म्हणतं?"

म्हातारीने खरोखर आठवून पाहिलं.

"तुम्हीच," ती म्हणाली. "अन् त्या बालवाडीच्या बाई."

मंजुषाची कानशिलं तापली. नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव घेत नाहीत हे तिला का ठाऊक नव्हतं? स्वतःच्या लग्नात तिने झोकात उखाणा घेतला होता. पण ते लग्नातलं, हसण्यावारी न्यायचं. कामाच्या वेळी ते मनात आणायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिने या घरातल्या कुणाला काही विचारलंही नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा! तिला स्वतःची भारी लाज वाटली.

शुभांगी कपबशा घेऊन बाहेर आली.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" मंजुषाने हळूच विचारलं.

"तुम्ही नावाचंच म्हणायच्या, ताई. मला वाटलं, तुमच्या शास्त्रात नावच लागत असंल."

चहा संपला. मूल बशी चाटून पुन्हा गोणपाटावर जाऊन बसलं. ते बोलत नव्हतं, काड्यांच्या रांगा लावत होतं, हे काही खोटं नव्हतं. काम पुष्कळ बाकी होतं.

"मग शाळेचं..." शुभांगीने विचारलं आणि ती थांबली.

"इथेच राहू दे त्याला. बालवाडीच्या बाईंना मी भेटते. आम्हा दोघींनाच आधी हाक मारायला शिकायला हवं."

मंजुषा पुन्हा त्याच्या पाठीमागे बसली.

"नाना!"

त्याने मान वळवली. तिच्याकडे पाहिलं, अगदी नीट पाहिलं. पण जागचा हलला नाही. तिने घाईघाईने बेदाणा पुढे केला. त्याने बेदाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो कशाची तरी वाट बघत होता.

मंजुषाने शुभांगीकडे पाहिलं. शुभांगीने फक्त स्वतःच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

मंजुषाने बेदाणा खाली ठेवला आणि नवसाबाईसारखी मान वाकवली. आता तिला मेथीची पडलेली पानं आणि स्वतःचे गुडघे एवढंच दिसत होतं. तो उठला की नाही, ते कळेना.

मग मातीने भरलेला, चहाने चिकट झालेला एक छोटा हात तिच्या चापूनचोपून बसवलेल्या केसांवर येऊन टेकला. तिने डोकं लगेच वर केलं नाही.