अठरा कोयत्यांची भाकरी

"सोमवारपासून या माळावर एकाबी बाईनं चूल पेटवायची न्हाई!"

छबुबाईनं हे सांगितलं तेव्हा तिला कुणी काही विचारलेलंच नव्हतं. पण तिची सवयच तशी. आधी बोलून मोकळं व्हायचं, मग ते निस्तरायला रात्रीचा दिवस करायचा. कमरेवर हात ठेवून ती पाचटाच्या झोपड्यांच्या, कोप्यांच्या मधोमध उभी राहिली आणि बाया हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत बसल्या.

कडा गावाच्या मागल्या माळावर उमापूरची टोळी उतरली होती. अठरा कोयते. कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. मुकादमाच्या तोंडी दोघं मिळून एकच. पण फडातून दोघं परत आले की गडी बाजेवर पडतो आणि बाई चुलीपुढं बसते. जेवणखाण, धुणीभांडी उरकून ती आडवी होते आणि पहाटे साडेतीनला पुन्हा उठून दिवसाच्या भाकरी थापायला लागते. ऊस पुऱ्या कोयत्यानं तोडायचा आणि भाकरी अर्ध्यानं थापायची, हा कुठला न्याय? छबुबाईनं असे बावीस हंगाम काढले होते, मग कोयता ठेवून कड्यात खानावळ घातली होती. त्यामुळं याबाबतीत तिला कुणी शहाणपण शिकवलेलं चालत नसे.

मुकादम सुग्रीव फटफटीवरून उतरला. "मावशी, चूल न्हाई पेटली तर माझी टोळी काय उसाचं वाढं खाणार हाय का? जनावरांवानी?"

गडी हसले. छबुबाई हसली नाही.

"भाकरी माझ्या अंगणातून येईल. पीठ तुमचं, भाजणं आमचं, भाजणावळ तेवढी द्यायची. दिवेलागणीला संध्याकाळच्या भाकरी, आन त्याच टोपल्यात दुसऱ्या दिवशीच्याबी."

"कोन करनार? ती तुमची काबूलवाली?"

"व्हय. तीच."

सुग्रीवानं मान हलवली. "आलो तवा खाल्लंय तिचं ते नान. मऊ हाय, चांगलं हाय, पण लेकरांचा खाऊ हाय ते. दहा वाजता पोटात कावळे वरडाया लागले. ऊस तोडायला बाजरीच पायजे, मावशी."

"बाजरीचीच देईन."

"तसल्या भट्टीत? भितीला चिकटवून?" आता मात्र तो पोट धरून हसला. "सोमवारी जमलं तर हंगामभर तुमची भाकरी. न्हाई जमलं तर पुन्हा हे नाव काढायचं न्हाई."

"न्हाई काढणार," छबुबाई म्हणाली आणि पदर खोचून घराकडं निघाली. माळ ओलांडेपर्यंत तिचा चेहरा ताठ होता. ओलांडल्यावर ती मनाशीच म्हणाली, "छबे, उचलली जीभ लावली टाळ्याला!"

घरी झरघुना दाराशीच वाट बघत होती. तिचं वय पस्तिशीचं, अंगानं उंच, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. काबूलला तिची बायकांची भट्टी होती. गल्लीतल्या बाया घरून मळलेली कणीक आणायच्या आणि झरघुना ती भाजून द्यायची. आईच्या इलाजासाठी ती दिल्लीला आली. आई गेली, आणि मागं काबूलचं राज्य असं फिरलं की बाईमाणसाला भट्टी चालवायचीच सोय राहिली नाही. तिचा भाऊ पुण्यात शेतीच्या कॉलेजात शिकत होता. त्याच्या खोलीवरचा दोस्त म्हणजे छबुबाईचा लेक हनुमान. दोन पोरांच्या खोलीत बहिणीला ठेवणार कुठं? हनुमान तिला सरळ आईच्या खानावळीत घेऊन आला आणि म्हणाला, "आई, पंधरा दिवस." त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

दीड वर्षात ती "पाणी दे", "बस ना", "लई झालं" इतकं तरी मराठी बोलायला लागली होती. बाकीचं काम हिंदीवर भागायचं. बीडला जाऊन पोलिसांच्या हापिसातून इथं राहण्याच्या कागदावर शिक्का मारून आणायचा असला की सोबत छबुबाई जायची. तिथं विचारलं, "ह्या बाईची जबाबदारी कोणाची?" तर ही पेन हिसकावून सही ठोकायची. अंगणात दोघींनी मिळून तंदूर उभा केला होता. तळ्याची माती, गव्हाचा भुसा आणि शेळीचे केस. शेजारणी भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "केस कावून घालताय गं मातीत?" भट्टी वाळली, तापली आणि तडा गेला नाही, तेव्हा त्याच आपल्या चुलीसाठी केस मागायला आल्या.

पण नानला कड्यात गिऱ्हाईक किती? पाच-सात ट्रकवाले. तेवढ्यावर एका बाईचं पोट भरत नाही आणि झरघुना कुणाच्या ताटावर फुकट बसणाऱ्यातली नव्हती. दिल्लीहून मावसबहिणीचा निरोप आला होता: इकडं ये, शिवणकाम आहे, एका खोलीत आम्ही सातजणी राहतो, तू आठवी. झरघुनानं पिशवी भरून ठेवली होती. टोळीचं काम मिळालं तर ती राहणार होती, नाहीतर जाणार होती. ती पिशवी कोपऱ्यात दिसली की छबुबाई तिकडं पाठ करून बसायची. पोटची लेक सासरी पाठवताना तिला एवढं वाटलं नव्हतं, आणि हे ती कुणाजवळ कबूल करणार नव्हती.

"क्या बोले?" झरघुनानं विचारलं.

"सोमवारी दीडशे भाकरी. बाजरीच्या. उद्या रविवार हाय, उद्याच करून बघायच्या."

रविवारी कड्याचा बाजार. छबुबाई मिरच्या आणायला गेली तेवढ्यात झरघुनानं हौसेनं पाच किलो बाजरीचं पीठ एकदमच भिजवलं, छान मळलं, वर ओलं फडकं टाकलं आणि तासभर मुरत ठेवलं. तिच्या आजीनं आणि तिच्या आईनं असंच केलं होतं. कणीक मुरली नाही तर नान नाही.

छबुबाईनं फडकं उचललं आणि कपाळावर हात मारला. "अगं बया बया बया! बाजरी मुरवत्यात का कुठं? पाणी लागलं की लगेच थापायची असती गं! कडू झालं सगळं!"

झरघुनानं चिमूटभर तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं. पाच किलो पीठ म्हशीपुढं गेलं. म्हैस तेवढी खूश झाली.

दुसऱ्यांदा दोघी शेजारी बसल्या. टोळीतल्या मनीषानं आपल्या गोणीतलं पीठ आणून दिलं होतं. दिवाळीला गाव सोडताना टोळी सगळं पीठ दळून आणते. दीड महिन्याचं पीठ, विरी गेलेलं, चिकटपणा न उरलेलं. थापायला घेतलं की कडा फाटतात. छबुबाईनं पाणी उकळून त्यात पीठ भिजवलं, एकेक भाकरी थापली. झरघुनानं ती नान चिकटवायच्या कापडी गादीवर घेतली आणि तंदुराच्या भिंतीवर मारली. चिकटली. मग भाकरी हळूच कडेनं सुटली आणि खाली इंगळात पडली. दुसरीही पडली. तिसरी अर्धी भिंतीला राहिली आणि अर्धी पडली.

मनीषा कडेवरच्या लेकराला झोके देत बघत होती. जाताना म्हणाली, "जाते मावशी. चूल पेटवायची हाय."

ते एवढंसं वाक्य छबुबाईच्या काळजात जाऊन बसलं. ती ओट्यावर बसून राहिली. झरघुना आत गेली आणि पिशवीचा बंद आवळल्याचा आवाज आला.

छबुबाईला तिचा पहिला हंगाम आठवला. लग्नाला तीन महिने झालेले, खाली कुठंतरी कृष्णेकाठचं गाव, आणि पीठ असंच मेलेलं. तव्यावर भाकरीचे तुकडे होत होते आणि ती चुलीपुढं रडत होती. नवरा राधाकिशन बिचारा म्हणाला, "असू दे, तुकडेच खाऊ." तेवढ्यात शेताची मालकीण वाढं न्यायला आली. ना ओळख, ना पाळख. तिनं भाकरीकडं बघितलं, छबूकडं बघितलं आणि तशीच घरी निघून गेली. परत आली ती ओंजळभर उडदाचं पीठ घेऊन. "ह्यात मिसळ. उडीद चिकट असतंय, फाटू देत न्हाई. आन पानी उकळतं घे." त्या बाईचं नावसुद्धा छबुबाईनं विचारलं नव्हतं. पण परक्या मुलखात पहिलं माणूस कसं भेटतं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं, हे त्या दिवशी तिला कळलं होतं. पुढं तव्याला उकळतं पाणी पुरायला लागलं आणि उडीद मागं पडलं.

"झरे!" ती ओरडली. "बाहेर ये! ती पिशवी सोड आन बाहेर ये!"

उडदाचा डबा निघाला. चार ओंजळी बाजरीला एक ओंजळ उडीद, उकळतं पाणी, आणि मुरवणं अजिबात नाही. झरघुनानं तंदुरात हात घालून आच बघितली आणि मान हलवली. "जास्त. ही नानची आच." तिनं अर्धे निखारे बाहेर ओढले, भिंतीवर मिठाचं पाणी शिंपडलं. भिंत चर्र वाजली. मग छबुबाईनं थापलेल्या भाकरीच्या पाठीवर तिनं पाण्याचा हात फिरवला, तव्यावर टाकल्यावर वरून फिरवतात तसाच, आणि गादीवरून मारली.

भाकरी बसली. दोघी वाकून बघत राहिल्या. भाकरी तिथंच राहिली, फुगली, डाग पडले, कडा सुटल्या. झरघुनानं आकडीनं ओढून काढली. छबुबाईनं दोन्ही हातांनी मोडली. पापुद्रा निराळा सुटला होता आणि आतून वाफ निघाली.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" छबुबाई म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं वाफेवर ढकललं.

सोमवारी दुपारपासून दोघी लागल्या. एकीनं भिजवायचं, थापायचं. दुसरीनं चिकटवायचं, काढायचं. एका वेळी चौदा भाकऱ्या भिंतीला. तव्यावर एक भाजेपर्यंत इथं टोपलं अर्धं होत होतं. राधाकिशन लाकडं फोडून देत होता आणि मधूनमधून चव बघतो म्हणून एकेक भाकरी लंपास करत होता. चौथ्या वेळी छबुबाईनं त्याच्या हातावर चापट मारली.

दिवेलागणीला तीन टोपली माळावर पोचली. गडी गोल करून बसले. सुग्रीवानं भाकरी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, मोडली, ठेच्याला लावून खाल्ली. दुसरी घेतली. तिसरी घेतल्यावर म्हणाला, "हाय बुवा. पण सकाळच्याला कडक झाली तर?"

"सकाळी बोल," छबुबाई म्हणाली.

बाया मात्र टोपल्याकडं बघतच नव्हत्या. मनीषा कोपीपुढच्या थंड चुलीजवळ बसली होती. सवयीनं बसली होती, पण हाताला काम नव्हतं. तिनं लेकराला पाजलं, पदर नीट केला, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं आणि बसल्या जागीच लवंडली. तिला कुणी उठवलं नाही.

मंगळवारी सकाळी छबुबाईच्या दारावर अशी थाप पडली की झरघुना दचकून उभी राहिली. तिला असल्या थापांची भीती होती. काबूलला असताना असल्या थापेनंतर माणसं घरातून गेलेली तिनं बघितली होती. तिनं पहिली नजर पिशवीकडं टाकली. छबुबाईनं तिला मागं सारलं आणि दार उघडलं.

सुग्रीव होता. डोक्याला मफलर अर्धाच गुंडाळलेला, चेहरा लाल.

"मावशी, काय केलंस हे! ट्रॅक्टर पाच वाजता आला, हॉर्न वाजवून वाजवून दमला, आन माझी अख्खी टोळी झोपल्याली! अठराच्या अठरा कोयते! उगवतीला सूर्य आला तरी एक माणूस उठंना!"

"भाकरी कडक झाली का?" छबुबाईनं विचारलं.

"भाकरीचं काय घेऊन बसलीस! भाकरी मऊ हाय! पण जाग कशानं यावी? रोज पहाटं बायांची थापाथापी सुरू झाली की त्या आवाजानं गडी उठत्यात. आज आवाजच न्हाई! मीबी झोपलो ना, बे!"

मावशीला आपण 'बे' म्हणालो हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं कान धरला.

छबुबाईला आधी हसू आलं. मग ते हसू कुठंतरी अडकलं. बावीस हंगाम. बावीस हंगामांत तिनं एकदाही सूर्य उगवेपर्यंत झोपून बघितलं नव्हतं. आपण थापत होतो तेव्हा गडी आपल्या हातांच्या आवाजावर उठत होते आणि आपल्याला उठवायला कुणाचेच हात नव्हते, हे तिच्या आज लक्षात आलं. आणि माळावर मनीषा ऊन तोंडावर येईपर्यंत झोपली होती. छबुबाईला एकदम फार, फार बरं वाटलं.

मागं झरघुना ओढणी दाबून उभी होती. "क्या हुआ मावशी? पसंद नहीं आया?"

"आया गं पोरी. इतकं आया की उठेनात." छबुबाईनं तिला सगळं समजावलं. झरघुना ऐकत गेली आणि दीड वर्षात पहिल्यांदा खळखळून, भिंतीला टेकून हसली.

सुग्रीव चुळबुळला. "हसताय काय? उद्याचं काय करायचं ते सांगा. भाकरी तर पायजेच. दीडशे न्हाई, दोनशे करा. शेजारची टोळीबी मागतीया. पण उठवायचं कोनी?"

छबुबाईनं कमरेवर हात ठेवले.

"गड्यांनी आधी उठायचं," ती म्हणाली. "आन उठून बायांना हाक मारायची. हळू."

सुग्रीवानं मफलर गुंडाळला, फटफटीला किक मारली आणि गड्यांना तसं सांगायला तो माळाकडं गेला. झरघुनानं कोपऱ्यातली पिशवी उचलली, रिकामी केली आणि उडीद आणायला तीच पिशवी घेऊन दुकानाकडं निघाली.