कापलेले गुण

कंबरदुखीवर औषध नसेल एक वेळ, पण सल्ला नाही असं घर शोधून सापडायचं नाही. अर्ध्या सरांची कंबर धरली त्याला चौदा महिने झाले होते आणि तेवढ्या काळात त्यांच्या मुलीने ऐकलेले उपाय एकावर एक रचले असते तर छताला लागले असते. आत्या म्हणाली, तेल चोळ आणि पाटासारख्या कडक पलंगावर झोपव. शेजारी म्हणाले, कडक पलंगानेच घात होतो, गादी मऊ हवी. औषधवाल्याने पट्टा दिला, पट्ट्याने पोटात वायू धरला, वायूवर पुन्हा आत्याचं चूर्ण आलं. दादा, म्हणजे सरांचा थोरला मुलगा, विमानाने तीन तासांवरच्या शहरात राहायचा आणि दर रविवारी फोनवरून एक नवा उपाय सुचवून मोकळा व्हायचा.

त्यांना अर्धे सर का म्हणत, तेही सांगायला हवं. चौतीस वर्षं त्यांनी भूमिती शिकवली आणि या चौतीस वर्षांत एकाही मुलाला पैकीच्या पैकी गुण दिले नाहीत. सिद्धता चोख असायची, आकृती देखणी असायची, पण कुठेतरी एकक राहिलेलं असायचं किंवा पट्टी न लावता रेघ मारलेली असायची. अर्धा गुण गेलाच म्हणून समजा. मुलं आधी पाठीमागे म्हणायची, मग तोंडावर म्हणायला लागली. सरांना ते नाव बिरुदासारखं वाटायचं.

मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. आईच्या आजारपणात ती माहेरी राहायला आली. आई दोन वर्षं अंथरुणात होती. आई जाऊन दीड वर्ष झालं तरी मुलगी परत गेलेली नव्हती, आणि त्या विषयावर बापलेक दोघंही बोलत नसत.

हाडांच्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांपूर्वी सगळं समजावून सांगितलं होतं. गोळ्या आहेत, व्यायाम आहे, मणक्यात इंजेक्शन आहे आणि यातलं काहीच लागू पडलं नाही तर ऑपरेशन आहे. "तीन आठवडे व्यायाम नीट करा. रोज एक आकडा लिहा, शून्य ते दहा. शून्य म्हणजे काही दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. आकडे खाली आले तर सुरीचं नाव काढायचं नाही. वर गेले तर बघू."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर मुलगी डॉक्टरांना आकडा पाठवायला फोन उघडून बाबांसमोर उभी राहायची.

"किती?"

सर डोळे मिटून विचार करायचे. निकालपत्रावर सही करण्याआधी करायचे तसा.

"पाच."

दुसऱ्या आठवड्यात साडेचार झाले. मग चार. तिसऱ्या आठवड्यात साडेतीनवर आले.

आकडे उतरत होते आणि माणूस काही उतारावर दिसत नव्हता. खुर्चीपासून न्हाणीघरापर्यंतची दहा पावलं त्यांना पूर्वी भिंतीला हात न लावता जमायची, आता दोन्हीकडची भिंत लागायची. डावी चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि ते तसेच पुढे चालत राहायचे, एक पाय अनवाणी.

"बाबा, साडेतीन म्हणता आणि मोजा घालताना डोळ्यांत पाणी येतं तुमच्या."

"पाणी येणं हा पुरावा नव्हे. जांभई दिली तरी येतं."

"आणि चप्पल?"

"सैल झालीय."

"एकच?"

"एक आधी सैल होते, मग दुसरी. कुठल्याही दुकानदाराला विचार."

दादाला फोन केला तर तो तिसऱ्याच दिशेला. "साडेतीन ना? मग झालं की! तू उगाच जीव काढतेस. माझ्या ऑफिसातल्या एकाने उभ्याने काम करायचं टेबल घेतलं, दोन महिन्यांत पळायला लागला."

"दादा, बाबा निवृत्त आहेत. टेबलापाशी उभं राहून काय करायचं त्यांनी?"

"तुझं हे असं असतं. काही सुचवलं की फाटे फोडायचे."

तिने फोन ठेवला आणि जोरात भांडी घासली. भांडी आधीच घासलेली होती.

शुक्रवारी अकराला डॉक्टरांची वेळ होती. सर आंघोळीला गेले तेव्हा एमआरआयची मोठी पाकिटं शोधायला तिने त्यांचा खण उघडला. पाकिटांच्या खाली शंभर पानी वही होती. उजव्या पानावर तारीख आणि गोल केलेला एकच आकडा. रोज संध्याकाळी तिला सांगितला जायचा तोच. डाव्या पानावर मात्र वर 'कच्चं काम' असं लिहून खाली बारीक अक्षरांत मजकूर होता.

पहिल्या मंगळवारचं पान असं होतं: 'मूळ गुण साडेसात. सांगूनही पाऊण तास एका जागी वाचत बसलो, वजा दोन. पडलेलं पेन वाकून उचललं, वजा अर्धा. अंतिम पाच.'

त्याच्या पुढच्या आठवड्यातलं: 'मूळ आठ. जिना चढलो, वजा दोन. पोर घरात असताना कण्हलो, वजा एक. तीच चूक पुन्हा, वजा अर्धा. अंतिम साडेचार.'

आणि परवाच्या बुधवारचं: 'मूळ साडेआठ. पहाटे कण्हलो, पोर उठून आली, वजा तीन. आंघोळीच्या वेळी तिला स्टूल धरून उभं राहावं लागलं, वजा दोन. अंतिम साडेतीन.'

ती पलंगाच्या कडेला बसली. दुकानात अक्षरांचा तक्ता पाठ करून येणारी गिऱ्हाइकं ती तिसऱ्या ओळीतच पकडायची. घरातल्या गिऱ्हाइकाने तिला तीन आठवडे सहज फसवलं होतं. आणि ते खोटे आकडे डॉक्टरांकडे रोजच्या रोज पाठवले होते तिने, स्वतःच्या हाताने.

आई असती तर हे झालंच नसतं. आई डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगायची, "हे 'बरं आहे' म्हणाले की ताप बघा. 'अगदी उत्तम' म्हणाले की गाडी बोलवा."

सर भिंत धरत बाहेर आले. तिच्या हातातली वही बघून त्यांनी टॉवेल नीट घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"हे काय आहे?"

"कच्चं काम. ते तपासत नाहीत."

"बाबा, डॉक्टरांनी दुखतं किती ते विचारलं होतं. चूक कुणाची ते नव्हतं विचारलं!"

"स्वतः ओढवून घेतलेल्या दुखण्याचे गुण कसे मागायचे? लाज वाटते."

"आणि मी स्टूल धरलं, ती कसली चूक तुमची?"

सरांनी टॉवेलाची घडी पुन्हा सरळ केली. "तुझी तर नव्हती ना," ते म्हणाले.

तिने वही पिशवीत कोंबली, पाकिटं काखेत मारली आणि त्यांच्या पायात मोजे घातले. जरा जोरातच घातले.

डॉक्टरांनी वही वाचायला घेतली तेव्हा पहिल्या पानाला ते हसले. दुसऱ्या पानालाही हसले. बुधवारच्या पानाला हसले नाहीत. उठून त्यांनी सरांचे मोजे काढले.

"डावा अंगठा वर उचला. आता मी दाबतो, तुम्ही दाबू देऊ नका."

अंगठा बिचारा लगेच खाली गेला. उजवा जागच्या जागी राहिला.

"हे केव्हापासून?"

"दोन आठवडे असतील."

"लिहिलं का नाही?"

"ते दुखत नव्हतं," सर म्हणाले. "प्रश्न दुखण्याचा होता."

मुलीने कपाळाला हात लावला.

डॉक्टर समोर येऊन बसले. "सर, दुखणं सोसता येतं, तुम्ही तर फारच सोसता. पण हा सोसण्याचा मामला राहिला नाही. नस दाबली जातेय. इंजेक्शनने कळ कमी होईल, पाय नाही सुधारणार. माझं मत विचाराल तर ऑपरेशन, आणि येत्या आठवड्यातच. कंबर अगदी पहिल्यासारखी होईल असा शब्द मी देत नाही. पायासाठी करायचं."

"किती दिवस पडून राहावं लागेल?"

"पडून नाही. दुसऱ्या दिवशी चालवू तुम्हाला. पण सहा आठवडे वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. पहिले दोन आठवडे सोबतीला माणूस लागेल, पूर्ण वेळ."

"मग नको."

"बाबा!"

"नको म्हणजे नको. इंजेक्शन द्या."

"अहो, त्याने पाय जाईल म्हणताहेत ते!"

"पाय माझा आहे." मग सर डॉक्टरांकडे न बघता, मुलीकडेही न बघता, टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या मणक्याकडे बघत म्हणाले, "दोन वर्षं केलंस तू. एकदा पुरे."

आणि मग तिचा बांध फुटला. "आई मरत होती, बाबा. तुम्ही मरत नाही आहात! तुम्हाला फक्त मोजे घालता येणार नाहीत. मोज्यांसाठी पाय घालवताय तुम्ही!"

डॉक्टरांना अचानक संगणकात काहीतरी महत्त्वाचं सापडलं. "पाच मिनिटं बाहेर बसून बोला," ते म्हणाले. "फॉर्म बरोबर घेऊन जा."

बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. सर कडेच्या खुर्चीवर टेकले, बसले म्हणता येणार नाही. फॉर्म त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला. मग हात पुढे केला.

"तुझा फोन दे. दादाला लाव."

दादाने उचलला. "काय म्हणाले डॉक्टर? हे बघा बाबा, घाई करू नका, दुसऱ्या कुणाचं मत घेऊ या. माझ्या ओळखीत एक..."

"मत नको," सर म्हणाले. "दोन आठवडे हवेत."

"कसले?"

"तुझे. ऑपरेशन ठरतंय. मला आंघोळ घालायला, मोजे चढवायला माणूस लागणार आहे. रजा काढ."

"बाबा, असं अचानक... ती आहे ना घरी?"

"ती कामावर जाणार आहे. येतोस की मी इंजेक्शनच घेऊ? डॉक्टर आत थांबलेत."

"येतो," दादा म्हणाला. "येतो ना. मी कुठे नाही म्हणालो."

सरांनी फोन परत दिला. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. सकाळपासून साठवलेला राग अजून तसाच होता, पण तो आता नेमका कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

"मला विचारलंत का?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"मग?"

"आईच्या वेळी विचारलं होतं. तू लगेच बॅग घेऊन आलीस." सरांनी फॉर्म मांडीवर सरळ केला. "नाही म्हटलंस तरी चालेल, हे तेव्हाच सांगायला हवं होतं मी. सोय झाली म्हणून गप्प बसलो."

समोरून एक नर्स रिकामी चाकाची खुर्ची ढकलत गेली.

"मला नाही म्हणायचंच नव्हतं," शेवटी ती म्हणाली. "आईच्या वेळी."

"माहीत आहे."

फॉर्मवर 'सोबत राहणारी व्यक्ती' असा रकाना होता. सरांनी दादाचं नाव आणि पुढे 'मुलगा' असं लिहिलं. खाली आणखी एक ओळ रिकामी होती. तिने त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या ओळीवर लिहिलं, 'मुलगी. संध्याकाळी सहानंतर.'

सरांनी वाचलं. "सहा?"

"दुकान सहाला बंद होतं."

"बरं," सर म्हणाले आणि खाली सही केली.